दहा पूर्णांक सत्त्याहत्तर

श्रोतेहो, नमस्कार.

विज्ञानाच्या पदवीचं पहिलं वर्ष नवलाईत जातं. शेवटच्या वर्षी 'पुढे काय' ही धास्ती मुलांना पळवते. मधल्या वर्षाला मात्र कुणी वाली नसतो. गणित जड झालेलं, थर्मोडायनॅमिक्स डोक्यावरून गेलेलं, आणि प्रयोगशाळेत दर आठवड्याला उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रयोग. पुन्हा सांगते, उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रयोग. चांगली चांगली मुलं इथेच ढेपाळतात.

एकदा दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल घेत होते. साधा लंबक, म्हणजे दोऱ्याला टांगलेला गोळा. त्याच्या झोक्यांवरून गुरुत्व त्वरण काढायचं, पुस्तकातलं उत्तर ९.८च्या आसपास. टेबलांवरून फिरले. ९.८१, ९.७९, ९.८०. सगळीकडे आनंदीआनंद! एक मुलगी तेवढी खाली मान घालून जर्नलमध्ये खोडरबर चालवत होती. वाकून पाहिलं, तर खोडलेल्या जागी पुसट दिसत होतं, १०.७७.

"का गं खोडतेस?"

"मॅडम, उत्तर चुकलंय."

"कशानं चुकलं?"

ती गप्प. मी म्हटलं, खोडू नकोस, शोध. शेजारची दोघं आली, मग चौघं. आधी स्टॉपवॉचवर संशय. दुसरं आणलं, तरी वीस आंदोलनांना, म्हणजे वीस पूर्ण झोक्यांना, ३८.१ सेकंदच. मग दोऱ्याची लांबी. तिनं गाठीपर्यंतच मोजली होती, ९९ सेंटिमीटर. मोजायची असते गोळ्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे १००. चूक सापडली म्हणून सगळी खूश. पुन्हा हिशेब केला, तर १०.८८! चूक दुरुस्त केली आणि उत्तर आणखी बिघडलं. 

मागच्या बाकावर एक मुलगा होता. हजेरीच्या सहीपुरता यायचा. तो उठून जवळ आला आणि म्हणाला, "परत मोज, मोठ्यानं मोज." ती गोळा सोडत म्हणाली, "एक..."

"थांब! सोडतानाच 'एक' म्हणतेस. तिथे 'शून्य' हवं."

म्हणजे तिची वीस आंदोलनं खरी एकोणीसच होती. तेच ३८.१ सेकंद, विसाऐवजी एकोणिसानं भागले. उत्तर आलं ९.८२. टेबलाभोवती असा गलका झाला, की शेजारच्या प्रयोगशाळेतून माणूस डोकावून गेला.

हे खोडणं फक्त विद्यार्थ्यांचंच असतं असं नाही. भौतिकशास्त्रज्ञ मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजला, पुढे १९२३चं नोबेल मिळालं. पण हवेच्या व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे दाटपणाचा, आकडा थोडा चुकीचा धरल्यानं प्रभार किंचित कमी आला होता. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी १९७४च्या एका भाषणात सांगितलं, की नंतरच्या मोजणाऱ्यांचे आकडे एकदम न सुधारता हळूहळू वर सरकत गेले. उत्तर मिलिकनपेक्षा फार वेगळं आलं की ते चूक शोधत. जवळपास आलं की शोधत नसत. खोडरबरच म्हणायचा हा!

माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना एवढंच म्हणेन, की गुण उत्तराला देऊ नका, 'असं का आलं' याला द्या. उत्तराला नको, 'का'ला द्या. आणि सत्रातून एक तरी प्रयोग असा ठेवा, ज्याचं उत्तर मुलांच्या पुस्तकात नाही.

तो सहीपुरता येणारा मुलगा पुढच्या आठवड्यात माझ्याआधी प्रयोगशाळेत हजर. "मॅडम, गोळा खूप लांब ओढून सोडला तर?" म्हटलं, करून बघ. साठ अंशांवरून सोडला, तर आवर्तकाल, म्हणजे एका झोक्याचा वेळ, सुमारे सात टक्क्यांनी वाढला. पाठ केलेलं सूत्र फक्त लहान कोनांपुरतंच असतं, हे त्याला तेव्हा कळलं. मग त्यानं ऐंशी अंशही करून पाहिले. दोन वेळा गोळा स्टँडवर आदळला.