अल्गार्व: उन्हाचा आणि मिठाचा किनारा

बेनागिलच्या गुहेला छतात गोल भगदाड आहे. सूर्य वर आला की तिथून ऊन थेट आतल्या वाळूवर उतरतं. समुद्रानं खालून आणि पावसानं वरून चुनखडक पोखरत नेला, त्यातून ही गुहा झाली. तिचा फोटो अनेकांनी पाहिलेला असतो, पण लाट आत शिरल्यावर जो आवाज घुमतो, तो इथं येऊनच ऐकायला हवा. गर्दी फार वाढली, म्हणून आता आतल्या वाळूवर उतरायला मनाई आहे. ते योग्यच झालं.

हा पोर्तुगालचा दक्षिण किनारा, अल्गार्व. नाव अरबीतलं, 'अल-घर्ब', म्हणजे पश्चिम. 1249 मध्ये पोर्तुगीजांनी इथलं फारो शहर घेतलं, त्याआधी पाचशे वर्षं इथं मुस्लिम राजवट होती. सिल्व्हशचा तांबड्या दगडांचा किल्ला ती आठवण सांगतो. इथली एक दंतकथाही तेव्हाचीच. उत्तरेकडून आलेली राणी बर्फाच्या आठवणीनं झुरू लागली, तेव्हा राजानं डोंगरभर बदामाची झाडं लावली. जानेवारी-फेब्रुवारीत ती पांढरी फुलतात.

लागुश या बंदराच्या गावातल्या चौकात मात्र पाय जड होतात. ऑगस्ट 1444 मध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेली 235 माणसं इथं उतरवली आणि वाटून टाकली. आज तिथं संग्रहालय आहे. समुद्रावर जायच्या आधी तिथं जावं.

फारोच्या थोडं पश्चिमेलाच उंच कडे संपतात आणि रिया फोर्मोझा लागते. आपल्या भाषेत सांगायचं तर साठेक किलोमीटर लांबीचं खाजण, आणि समुद्राच्या बाजूला वाळूची बेटं. ओहोटी लागली की माणसं चिखलात वाकून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या काढतात, अगदी कोकणात काढतात तशा. बाजारात भाजीवरची पाटी वाचावी, तर 'बटाटा'! हा शब्द पोर्तुगीजांबरोबरच आपल्याकडे आला.

ताव्हिराजवळ बारिलच्या पुळणीवर गंजलेले नांगर रांगांनी रोवलेत. भूमध्य समुद्राकडे निघालेले ट्यूना मासे अडवायला इथं प्रचंड जाळी लावत, ती याच नांगरांनी धरून ठेवलेली असत. 1960च्या दशकात ती मासेमारी थांबली. मासे येईनासे झाले होते.

मिठागरं मात्र अजून चालू आहेत. पर्यटकांना इथं ओढून आणणारं कोरडं, कडक ऊनच इथं मीठ पिकवतं. वारा मंद असला की पाण्यावर सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो. आगरातला माणूस लांब दांड्याच्या जाळीनं तो अलगद उचलतो, कारण धक्का लागला की पापुद्रा बुडतो आणि तळाला जाऊन साधं मीठ होतो. वर राहिलेल्याला 'फ्लोर द साल' म्हणतात, मिठाचं फूल. कोळशावर भाजलेल्या सार्डिनवर ते चिमूटभर भुरभुरतात, आणि दाताखाली कण कुरकुरतो.