ओल्या कडप्प्यासारखी निळी गाडी

नमस्कार मंडळी. आज गाडीवर बोलायचंय. इंजिनावर नाही, मायलेजवर तर अजिबात नाही, गाडीच्या अंगावर जो रंग असतो त्याच्यावर, आणि त्यातही गडद निळ्या रंगावर. कारण माझ्या गाडी-पॉलिशच्या दुकानात दर आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक येतंच, गाडी निळीशार, आणि तोंडात एकच वाक्य, की धुतल्यावर ओली असताना जशी दिसते ना, तशी कायम दिसली पाहिजे. वाळली की मरगळते.

खरंय त्याचं. घरचा कडप्प्याचा ओटा आठवा. ओला असला की काळा कुळकुळीत, वाळला की राखाडी. दगड तोच. कोरड्या दगडावर बारीक बारीक खड्डे उघडे असतात, उजेड त्यात आपटून चहूकडे पांगतो आणि आपल्याला तो पांढुरका दिसतो. पाणी पडलं की खड्डे भरतात, वरचा थर सपाट होतो, मग उजेड पांगत नाही, खालचा रंग नीट दिसतो. देवळातल्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीला तेल लावतात तेव्हा हेच होतं. गाडीलाही हेच लागू. म्हणून आज एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे, की आधी सपाट करायचं, मग ओलं करायचं. परत सांगतो, आधी सपाट, मग ओलं. लोक काय करतात, वॅक्सचा महागडा डबा आणतात आणि ओरखड्यांवरच थापतात.

पांढऱ्या गाडीलाही ओरखडे असतात बरं का, पण पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. म्हणून तर सगळे पांढऱ्या गाड्या घेतात, सिग्नलला उभं राहिलं की वाटतं आपण हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येच आलो. असो. निळी गाडी उन्हात उभी करा, बोनेटवर सूर्य दिसेल आणि सूर्याभोवती कोळ्याचं जाळं दिसेल, गोल गोल. त्याला आम्ही स्वर्ल म्हणतो. हे येतात कापडानं. सोसायटीत सकाळी जो पोरगा गाड्या पुसतो, एक बादली, एक फडकं, पंधरा गाड्या, आठव्या गाडीपर्यंत ती बादली म्हणजे पातळ सँडपेपर झालेली असते. त्याला बोलू नका हं, त्याला महिन्याला आपण किती देतो ते आधी आठवा. आणि ऊस गाळपाच्या दिवसांत कारखान्याची काजळी पडते ती तर कोरड्या फडक्यानं पुसायचीच नाही. कोरडं पुसायचं नाही. मी सोलापूरचा माणूस, टॉवेलच्या गावचा, माझ्याच तोंडून हे येतंय याचं मलाच वाईट वाटतं, पण आपला टॉवेल अंग पुसायला एक नंबर, गाडीला नको. गाडीला मायक्रोफायबर, ते अगदी बारीक धाग्यांचं मऊ कापड.

आता हे सगळं मला कोणी शिकवलं, तर एका लग्नानं. ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

माझा मामा शाळेत गणिताचा मास्तर. रिटायर झाला आणि आलेल्या पैशातनं त्यानं सेकंडहँड गाडी घेतली, गडद निळी, इतकी गडद की संध्याकाळी काळीच वाटायची. मामाचा जीव त्या गाडीत. मे महिन्यात ताईचं लग्न ठरलं, संध्याकाळचा गोरज मुहूर्त, आणि मामानं आधीच जाहीर केलं की नवरदेवाचा परण्या आपल्याच गाडीतनं निघणार, मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंत. मी तेव्हा आयटीआयच्या पहिल्या वर्षाला.

लग्नाच्या दिवशी सकाळी गाडीवर चिमणी-कावळ्यांनी आहेर केलेला. वाळून कडक. मामीनं उत्साहात काय केलं, भांड्याची हिरवी घासणी घेतली आणि घासलं. घाण निघाली. मामा बघायला आला, गाडी ओली होती, झकास दिसत होती, मामा खूश. दहा मिनिटांत वाळली आणि बोनेटवर पुरणपोळीएवढे पांढरे भोवरे उमटले, तीन-चार. मामा काही बोलला नाही, एक तांब्या पाणी ओतलं. भोवरे गायब. थांबला. वाळलं. भोवरे हजर. परत तांब्या. गायब.

गणिताचा माणूस, त्यानं लगेच सिद्धांत मांडला. गाडी ओली असेल तोवर सुंदर आहे, म्हणजे गाडी संध्याकाळी पाचपर्यंत ओली ठेवायची. मला आणि मावसभावाला बोलावलं, दोन बादल्या दिल्या, बोअरचा पाइप दाखवला, आणि हातात घड्याळ धरून हिशोब सांगितला, वाळायला नऊ मिनिटं लागतात, तर दर सात मिनिटांनी एक बादली. सोलापूर, मे महिना, ४२ डिग्री, गाडी भर उन्हात, कारण सावलीत मांडव. आत ताईला हळद लागतेय, लोक शिरा खातायत, आणि आम्ही दोघं बाहेर गाडीला अभिषेक घालतोय. येणारा-जाणारा विचारायचा, नवस आहे का म्हणून.

आता तुमच्यातल्या शहाण्यांना पुढचं कळलंच असेल. आमच्या बोअरचं पाणी म्हणजे निम्मा चुना, बायकांना विचारा, कुकरच्या आत जो पांढरा थर बसतो ना तोच. प्रत्येक बादली वाळली की पाणी उडून जायचं आणि क्षार खाली राहायचे, वर पुढची बादली. दुपारी दोनला मामा झोपून उठून आला तर निळी गाडी अख्खी देवी आल्यासारखी, पांढरे ठिपके, ठिपक्यांत ठिपके. आता ओली केली तरी जाईनात. मामा मटकन पायरीवर बसला. मी त्याला रिझल्टच्या दिवशी पोरांवर ओरडताना बघितलं होतं, असा गप्प बसलेला कधीच नाही.

मग कोणीतरी पलीकडच्या गल्लीतल्या चाचांना बोलावलं. डेंटिंग-पेंटिंगवाले, साठीचे, पांढरी दाढी. आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटला पालथा हात लावला आणि झटकन मागं घेतला. म्हणाले, "मास्तर, भाड्याचा सूट घातला व्हय गाडीला? वाळला की परत मागतोय त्यो." मग मला म्हणाले, गाडी आधी सावलीत घे. आचाऱ्यांच्या मागच्या शेडमध्ये नेली, भज्यांचा घाणा पलीकडे सरकवला, अर्धा तास नुसती गार होऊ दिली. चाचांनी त्या अर्ध्या तासात दोन वेळा चहा प्याला आणि गाडीला बोटही लावलं नाही. मामा घड्याळ बघतोय.

मग चाचांनी विचारलं, जेवणात चायनीज आहे का. आता लग्नात चायनीजचा स्टॉल कशाला असतो हे मला अजून कळलेलं नाही, मठ्ठा-जिलेबी खाऊन वर नूडल्स, पण त्या दिवशी त्या स्टॉलनं अब्रू राखली. तिथनं व्हिनेगरची बाटली आणली, तेवढंच पाणी घातलं, बनियनच्या मऊ कापडानं ठिपक्यांवर नुसतं टेकवून ठेवलं, मिनिटभर, घासलं नाही, आणि धुतलं. क्षार विरघळले. धुतलं कशानं, तर प्यायच्या पाण्याचे वीस लिटरवाले जार. बोअरचं पाणी परत लावू नको म्हणाले. मामीनं डोक्याला हात लावला, पाहुण्यांचं पाणी गाडीला. पण जारचं पाणी आरओचं, वाळलं तरी डाग ठेवत नाही.

घासणीचे भोवरे मात्र तसेच होते. मशीन चालवायला वेळ नव्हता. चाचांनी पांढऱ्या बाटलीतलं ग्लेझ काढलं. ग्लेझ म्हणजे काय, तेलकट मलम समजा, ते ओरखड्यात बसतं आणि भरून काढतं, महिनाभरात धुऊन जातं, पण लग्नाला महिनाभर कोणाला पाहिजे? वरून कार्नौबा वॅक्सचा पातळ हात. मी आणि भाऊ पुसतोय, चाचा ओरडतायत, पातळ, पातळ, लोण्यासारखं थापू नको. साडेचारला गाडी शेडमधनं बाहेर काढली आणि खरं सांगतो मंडळी, मांडवाची झालर, विजेचा खांब, आचाऱ्याचं बनियन, सगळं त्या दारांत दिसत होतं. वाळलेली गाडी ओली दिसत होती. मामानं दारात बघून टोपी नीट केली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पावणेपाचला फुलवाला आला. झेंडूचे सर, जरबेरा, बोनेटवर लावायचा तो मोठा गुच्छ, आणि हे सगळं चिकटवायला टेप. टेप लावली, दाबली, लागल्यासारखी वाटली. परण्या निघाला. पुढे बँजो, मागे गाडी, आत नवरदेव मुंडावळ्या बांधून. पहिला स्पीडब्रेकर आला आणि बोनेटवरची अख्खी बाग सुळकन घसरून पुढच्या चाकासमोर. वॅक्स लावल्यावर टेप नीट चिकटत नाही हो! दाराचे सर गेले, डिकीवरचं "शुभविवाह" गेलं, ते बँजोवाल्याच्या पायात गेलं. मामी ओरडली, अपशकुन. नवरदेवाची आजी खमकी, ती म्हणाली, "कसला अपशकुन, तोंड बघ गाडीत, आरशाची गरज नाही नवऱ्याला." उरलेलं सगळं अंतर गाडी बिनफुलांची चालली आणि लोक वाकून वाकून स्वतःलाच बघत होते.

रात्री पाठवणीच्या वेळी वळवाचा पाऊस आला. सगळे पोर्चमध्ये रडतायत, आणि मामा एकटा पावसात, बोनेटवर हात टेकून खाली बघत उभा. थेंब गोल गोल मोत्यासारखे उभे राहून पळत होते. आम्हाला वाटलं थेंब बघतोय. मी जवळ गेलो तर म्हणाला, "जा रे, छत्री ताईला दे."

दुसऱ्या दिवसापासून मी चाचांकडे जायला लागलो.

तर, आपला विषय. वेळ फार उरलेला नाही, पटापट सांगतो, आणि काही गोष्टी दोनदा सांगेन, तुम्ही स्वयंपाक करत ऐकताय हे मला माहितीये.

पहिलं, सावली. गाडी सावलीत आणि पत्रा गार. दोन बादल्या घ्या, एकीत कार शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी, कापड आधी साध्या पाण्यात खंगाळून मगच शाम्पूत. वरून खाली या, टप, काचा, दारं, चाकं सगळ्यात शेवटी, आणि चाकांचं कापड वेगळं. कपड्याची पावडर रोज वापरू नका, आधीचं वॅक्स धुऊन नेते. रॉकेल, डिझेल, खोबरेल यांनी पुसायचं खूळ पण सोडा, तासभर चमकते आणि मग रस्त्यावरची सगळी धूळ निमंत्रण दिल्यासारखी येऊन चिकटते.

दुसरं, हात फिरवून बघा. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घाला आणि धुतलेल्या बोनेटवरनं फिरवा. खरखर लागली तर रंगावर कायतरी घट्ट बसलंय, लोखंडाचा चुरा, झाडाचा चीक, शेजाऱ्याच्या ग्रिलच्या रंगाचा फवारा. त्याला क्ले बार, कणकेच्या गोळ्यासारखा असतो, भरपूर शाम्पूचं पाणी मारायचं आणि हलक्या हातानं सरकवायचा. खाली पडला तर टाकून द्या. पडलेला क्ले परत वापरायचा नाही. खडा उचललेला असतो त्यानं.

तिसरं, सपाट करणं, म्हणजे पॉलिश. खरी चमक इथेच आहे, डब्यातल्या वॅक्समध्ये नाही. आताच्या गाड्यांना रंगावर क्लिअरकोट असतो, म्हणजे पारदर्शक थर, साधारण ४० मायक्रॉनच्या आसपास, आपला केस त्याच्याहून जाड. पॉलिश म्हणजे त्यातला अगदी थोडा थर काढून ओरखड्याचे काठ बोथट करणं. म्हणून दरवर्षी कंपाउंड, म्हणजे जाडंभरडं पॉलिश, मारून घेणारे बघितले की मला घाम फुटतो. ड्युअल अॅक्शन मशीन, म्हणजे ज्याचं पॅड फिरतं आणि डुलतंही ते, मऊ पॅड, आधी बारीक पॉलिश, एका कोपऱ्यात करून बघा, जमलं तर तेवढंच. दारांच्या धारा आणि बोनेटच्या कडा जपून, तिथे थर पातळ असतो. नख अडकेल एवढा खोल ओरखडा असेल तर तो सोडून द्या, त्याच्याबरोबर जगायला शिका. आणि जुन्या फियाट, अँबॅसॅडरवाल्यांनो, तुमचं कापड निळं झालं तर बोंबलू नका, त्या गाड्यांना क्लिअरकोट नसायचा, रंगच थोडा येतो कापडाला.

चौथं, ओलं करणं. निळ्याला मला स्वतःला कार्नौबाच आवडतं, ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवर येणारं मेण आहे ते, त्यानं जी खोली येते ना, विहिरीत वाकून बघितल्यासारखी, ती मला सिरॅमिक कोटिंगमध्ये, म्हणजे रंगावर चढवून कडक होणाऱ्या थरात, दिसत नाही. हे माझं मत, माझ्याच दुकानातली पोरं यावर माझ्याशी भांडतात. कार्नौबा आपल्या उन्हात महिना-दीड महिना टिकतं, सिंथेटिक सीलंट, म्हणजे कारखान्यात बनवलेलं वॅक्ससारखं मलम, काही महिने, सिरॅमिक त्याहून जास्त. पण सिरॅमिक ओरखडे भरत नाही, आहे ते झाकून कुलूप लावतं, आणि मग ते जाळं तुमच्याकडे राहायलाच येतं. म्हणून परत, आधी सपाट, मग ओलं. वॅक्स पातळ, पांढुरकं झालं की स्वच्छ मायक्रोफायबरनं उतरवा, दुसरा हात दुसऱ्या दिवशी.

पाचवं, पाणी वाळू देऊ नका. बोअरचं असेल तर धुतल्या धुतल्या टिपून घ्या. टिपायचं, रगडायचं नाही.

काचेपलीकडनं मला हात दाखवतायत, म्हणजे गाणं लागणार. दसऱ्याला गाडीला हार घालालच, लग्नसराईही येईल. गाडीला आदल्या दिवशी वॅक्स मारणार असाल तर फुलवाल्याला आधीच सांगा, टेप नको, दोरी आण. आणि दोरीखाली कापड घाला. नमस्कार.