उतारा कोरा, ऊस उभा

(बेळगावातल्या एका वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मी कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरतो, आणि त्यातलं अर्धं पोट तुमच्या चुकांवर भरतं. बारशाचे फोटो डिलीट झाले म्हणून लोक रडवेले होऊन येतात. मी डिस्क माझ्या मशीनला लावतो, एक प्रोग्रॅम रात्रभर चालवतो, सकाळी बरेचसे फोटो हातात देतो. लोक खूश होऊन कुंदा आणून देतात. तो प्रोग्रॅम फुकट मिळतो. मग तुमचं जुनं मशीन ज्यानं घेतलं, त्याला हे का जमू नये?

डिलीट म्हणजे काय, तर उताऱ्यावरचं नाव कमी करणं. नाव गेलं तरी शेतातला ऊस उभाच असतो, दुसरा कुणी नांगर घालीपर्यंत. घाईत केलेलं ‘क्विक फॉरमॅट’ही तसंच: उतारा कोरा, ऊस जागच्या जागी. अमेरिकेत एमआयटीच्या दोघा संशोधकांनी वापरलेल्या १५८ डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ साली त्यांचा निबंध आला. चालू स्थितीतल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. एक तर एटीएममधली असावी, तिच्यात वर्षभराचे व्यवहार होते.

त्या डिस्क न पुसता विकणाऱ्यांना हसण्याचा मला हक्क नाही. काही वर्षांमागं एका कारखान्याची जुनी मशीनं मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेला मिळवून दिली. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, नवं विंडोज टाकलं. दुसऱ्या कप्प्याकडं, डी ड्राइव्हकडं, बघितलंच नाही! आठ दिवसांनी गुरुजींचा फोन, “अहो, पोरं कामगारांचे पगार वाचायला लागलीत की.” पगारपत्रक, बँकेचे खाते नंबर, आधारचे फोटो, सगळं तिथंच. त्याच दिवशी गाडी काढून गेलो.

आपल्या भागात तर एकेका घरचा कॉम्प्युटरचा डबा म्हणजे दोन राज्यांचं दप्तर असतो. खानापूरच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये, चंदगडच्या वाट्याचा सातबारा मराठीत, शिवाय रेशनकार्ड, पॅन, मुलांचे दाखले. एकाच मशीनवर कन्नड टायपिंगचं ‘नुडी’ही असतं आणि मराठीचं ‘श्रीलिपी’ही. म्हणून पुसायच्या आधी कॉपी काढाल तेव्हा जुने फॉन्टही उचला. नाहीतर वडिलांनी टाइप केलेला मराठी अर्ज नव्या मशीनवर नुसती चिन्हं दाखवील.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं चांगली चालणारी मशीनंही आता देऊन टाकायला निघाली आहेत. देताना सेटिंग्जमधल्या ‘रीसेट’मध्ये जा, सगळं काढून टाकायचं निवडा, ‘क्लीन डेटा’ चालू करा, आणि ‘सगळे ड्राइव्ह’ म्हणा. माझा डी ड्राइव्ह आठवा. आत तबकड्या फिरतात त्या डिस्कला, म्हणजे फिरत्या डिस्कला, तासन्‌तास लागतात, लागू देत. पस्तीस वेळा पुसायला हवं असं कुणी सांगेल. ते १९९६ च्या एका निबंधातून आलेलं खूळ आहे, आजच्या फिरत्या डिस्कला सगळीकडं एकदा वरून लिहिलं तरी पुरतं.

एसएसडीचं, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, मात्र वेगळं. कुठं लिहायचं ते ती स्वतःच ठरवते, त्यामुळं वरून लिहिलेलं सगळीकडं पोचेलच असं नाही. तिला बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममधून ‘सिक्युअर इरेज’ द्यावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅप जुन्या मशीनवर उघडलेलं असेल तर तेही फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून काढा, ते बहुतेक जण विसरतात.

मागून कुणी विचारतंय, मशीन सुरूच होत नसेल तर? मग चार स्क्रू काढा, डिस्क बाहेर घ्या आणि डबा खुशाल भंगारात द्या. ती डिस्क घेऊन उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, कुणा ओळखीच्याकडं जा, तिथं ड्रिलला तोटा नाही. फिरत्या डिस्कला तबकड्यांतून आरपार तीन-चार भोकं. एसएसडी असेल तर आतली प्रत्येक चिप फोडून घ्या, नुसतं कव्हर नको.