गोठलेल्या मातीवरचे रूळ

श्रोतेहो, नमस्कार. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात ज्यांनी घर बांधलंय, त्यांना आजचा विषय चटकन उमगेल. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून तर मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा. आता अशी जमीन डोळ्यांसमोर आणा, जिथं मुरमाच्या जागी बर्फानं घट्ट धरलेली माती आहे.

तिबेटच्या पठारावर 2006 साली गोलमुड ते ल्हासा रेल्वे सुरू झाली. तिच्या 1142 किलोमीटरपैकी सुमारे 550 किलोमीटर अशा कायम गोठलेल्या जमिनीवरून जातात. तिथं अभियंत्यांना धाक असतो तो उन्हाळ्याचा. वरचा थर वितळला की चिखल होऊन भराव खचतो. हिवाळ्यात तोच थर गोठताना खालचं पाणी ओढून घेतो, आत बर्फाचे पापुद्रे साठतात आणि रूळ वर उचलले जातात. जमीन गारच राहिली पाहिजे, एवढाच त्यांचा ध्यास.

त्यासाठी केलेली एक युक्ती मला फार मोलाची वाटते. भरावाच्या कडेनं लोखंडी नळ्या खोल रोवल्यात. आत थोडा अमोनिया, आपल्या बर्फाच्या कारखान्यात असतो तोच, आणि तोंड कायमचं बंद. हिवाळ्यात बाहेरची हवा जमिनीपेक्षा कितीतरी गार असते. तळाशी अमोनिया मातीतली ऊब घेऊन उकळतो, वाफ वर चढते, ऊब हवेत सोडते आणि थेंब होऊन परत खाली उतरते. उन्हाळ्यात वरचं टोक तापतं, वाफेचे थेंब होत नाहीत, फेरा आपोआप थांबतो. ऊब बाहेर जाते, पण त्या वाटेनं आत शिरत नाही. ना वीज लागते, ना पंप!

काही ठिकाणी सुट्या दगडांचा थर घातलाय. हिवाळ्यातली जड, गार हवा त्याच्या फटींतून खाली उतरते. आणि जिथं जमिनीचा भरवसाच नव्हता, तिथं सरळ पूल बांधला. छिंगश्वेइहचा पूल 11.7 किलोमीटरचा आहे. त्याच्या खालून चिरू हरणांचे कळप ये-जा करतात.

काळजी आहे ती पुढची. पठार तापतंय. त्या नळ्या चालतात हिवाळ्याच्या थंडीवर, आणि हिवाळाच सौम्य झाला तर ऊब बाहेर पडणार कमी. म्हणून मार्गालगत जागोजागी जमिनीत खोल भोकं पाडून मातीचं तापमान वर्षानुवर्षं मोजलं जातंय.