केकला लागते वरची आच

(गावच्या वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेतील भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून संपादित.)

माय-बहिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेल्या भावांनो, आधी भांडं चढवते, मग बोलते. घोळ कालवून ठेवला होता, फक्त सोडा पडायचा होता. हा आता पडला. सोडा पडल्यावर उसंत नसते, म्हणून सत्कार-बित्कार नंतर.

शेगडीवर हे जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, जुनं पातेलं आहे. तळाला बोटभर वाळू, वाळूवर तिवई. दहा मिनिटांपासून कोरडंच तापतंय. त्यात हा डबा ठेवला. वर झाकण म्हणून हा जाड तवा, आणि तव्यावर बाहेरच्या चुलीतले चार-पाच निखारे. झालं. सव्वापाच वाजलेत. सहाला बघू.

पत्रिकेत विषय छापलाय "घरगुती फ्रूट केक आणि न्याहारीचे झटपट पाव". पत्रिका वाचून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, ओव्हन नाही तं केक कसा येईन वं?" माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नावरच आहे. केकला ओव्हन लागत नाही. केकला वरून आच लागते.

आपली चूल खालून तापवते. पोळी, भाकर, भाजी, सगळ्याला खालचीच आच. म्हणून पोळी उलटावी लागते. घोळ कसा उलटणार? त्याला चारही बाजूंनी एकदम ऊब हवी. आणि ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. मारुतीच्या देवळापुढे किंवा शिवारात कणकेचे रोडगे करता की नाही? गोवऱ्या पेटवायच्या, धग बसू द्यायची, रोडगे त्या आरात ठेवायचे आणि वरूनही गरम राख लोटायची. वरून राख लोटली नाही तर रोडगा एका अंगाने करपतो, दुसऱ्या अंगाने कच्चा राहतो. पानग्यांचंही तेच. पळसाच्या पानांत कणकेचा गोळा, खाली गोवरी, वर गोवरी. भट्टीचं सगळं शास्त्र यात आलं. फक्त त्याला आपण बेकिंग म्हणत नाही, आणि आपल्याला ते येतं हेही आपण कुणाला सांगत नाही.

दुसरीकडेही असंच झालंय. आयर्लंडमध्ये 19व्या शतकात खायचा सोडा घरोघर पोचला. खेड्यातल्या घरांत ओव्हन नव्हता. जाड लोखंडी भांडं होतं, ताक होतं, आणि तिथली मऊ जातीची गव्हाची कणीक होती, जिच्यात खमिराचा पाव काही नीट फुगायचा नाही. त्या बायांनी कणकेत ताक आणि सोडा घातला, गोळा भांड्यात ठेवला, आणि झाकणावर जळत्या पीटचे, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीचे निखारे रचले. तो त्यांचा सोडा ब्रेड. आजही तिथे चहासोबत लोणी लावून खातात. माझ्या या तव्यावरच्या निखाऱ्यांत आणि त्यांच्यात फरक एवढाच, की हे बाभळीचे आहेत.

आता "झटपट" म्हणजे काय ते सांगते. बेकरीचा पाव खमिराने फुगतो. यीस्ट हा जीव आहे, त्याला वेळ लागतो, दोन तास, तीन तास, थंडीत जास्त. सोड्याचं काम मिनिटात. सोडा आणि आंबट पदार्थ भेटले की वायू सुटतो, तो घोळात अडकतो, आच लागली की घोळ त्या बुडबुड्यांभोवती घट्ट होतो. ही बघा, ग्लासात संत्र्याचा रस आहे, त्यात चमचाभर सोडा टाकते. आला ना फेस काठापर्यंत? आता बघत राहा. बसला. एवढंच त्याचं आयुष्य. म्हणून सोडा शेवटी घालायचा आणि भांडं आधीच तापलेलं हवं.

हे मी पुस्तकातून नाही शिकले. लेकाने पहिल्यांदा ओव्हन आणला तेव्हा मोठ्या हौसेने घोळ केला, सोडा घातला, डबा आत ठेवला आणि लाइन गेली. मी म्हटलं, येईल पाच मिनिटांत. आली चाळीस मिनिटांनी. तोवर वायू उडून गेलेला. बाहेर काय निघालं? दोन बोटं जाडीची, रबरासारखी गोड भाकर. गड्याने खाल्ली, बैलानेही खाल्ली, पण केक म्हणून कुणी खाल्ली नाही. त्या दिवसापासून ओव्हन पाहुण्यांना दाखवायला आणि वाळूचं पातेलं माझ्या कामाला.

बेकिंग पावडर हा याच दुखण्यावरचा इलाज. त्यात सोडाही असतो, कोरडं आम्लही असतं आणि दोघांना ओल लागू नये म्हणून स्टार्च. हल्लीच्या बहुतेक पावडरी अर्धं काम ओल लागल्यावर करतात, अर्धं आच लागल्यावर, म्हणून थोडा वेळ धीर धरतात. 1843 मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधवाल्याने अशी पावडर केली, कारण त्याच्या बायकोला यीस्टही सोसत नव्हतं आणि अंडंही. बायकोच्या पथ्यापायी नवऱ्याने एवढा खटाटोप केलेला मला तरी हा एकच माहीत आहे. (हशा) गुरुवार, चतुर्थी, श्रावण पाळणाऱ्या घरांचं काम त्याने सोपं करून ठेवलंय, हे मात्र खरं.

सोडा जास्त झाला की चव साबणासारखी लागते आणि रंग काळपट पिवळा येतो. हळदीच्या ढोकळ्यात लाल ठिपके दिसतात ना, ते न विरघळलेल्या सोड्याचेच. हळद आणि चुना यांचं कुंकू होतं, तशातलाच तो प्रकार. म्हणून सोडा मूठभर पिठात घालून दोनदा चाळा, मग शेवटी मिसळा. आणि चमचा सपाट, शीग लावून नाही.

आता संत्र्याकडे येते. वरूड-मोर्शीसारख्या संत्र्याच्या भागात राहून केळीवरच बोलले तर मला घरी कोण घेईल?

आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळा सरताना आलेल्या फुलांचा, माल नोव्हेंबर-डिसेंबरात निघतो, मृगाचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये. व्यापारी मोठं फळ नेतो. मागे राहते ती चुरी, लिंबापेक्षा जरा मोठी, चवीला चांगली पण भाव नसलेली. घरचे खाऊन खाऊन किती खातील? तर मी एका मासिकात वाचलं, की परदेशात अख्खं संत्रं सालीसकट दोन तास उकडतात, वाटतात आणि त्याचा केक करतात. मला वाटलं, सापडला बाई मार्ग. आठ संत्री उकडली, बिया वेचल्या, सालीसकट मिक्सरला लावली. केक सुरेख फुलला. संध्याकाळी खाल्ला तेव्हा जरा कडवट, कॉफीसोबत चालून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी घास तोंडात घेतला आणि कडूनिंबाची आठवण झाली. सासूबाईंनी काही म्हटलं नाही, फक्त चहात साखर जास्त मागितली.

कारण नंतर समजलं. आपल्या नागपुरी संत्र्याच्या गरात आणि फोडीच्या पापुद्र्यात एक घटक असतो. तो मुळात कडू नसतो, पण फळ चिरडलं की आंबट रसाशी मिळून हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि ते जहर कडू. बियांत तर ते भरपूर असतं. उकळलं की हे काम आणखी लवकर होतं. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि सकाळचा रस दुपारी कडवट होतो, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा फळ उकडायचं नाही, मिक्सरला लावायचं नाही. आडवं कापून हाताने हलकं पिळायचं, गाळायचं, लगेच वापरायचं.

वास मात्र रसात नसतो, सालीत असतो. तीही नुसती वरची केशरी, आतला पांढरा भाग नाही. आणि इथे आपलं संत्रं अडवतं. त्याची साल ढिली, किसणीवर धरली की आत दबते आणि फाटते. मी दोन गोष्टी करते. एक तर झाडावरून आणल्या दिवशी, साल ताठ असतानाच, सोलायच्या आधी बारीक किसणीवर फळ फिरवत फिरवत किसते, एका जागी दोनदा नाही. नाहीतर साली सोलून आतला पांढरा भाग चमच्याने खरवडते, सावलीत वाळवते आणि कुटून ठेवते. उटण्यासाठी साली वाळवताच तुम्ही, त्यातल्याच मूठभर बाजूला काढा.

आता चढवलेला हा संत्र्याचाच आहे. 200 ग्रॅम कणीक, 120 ग्रॅम साखर, 150 मिलि ताजा रस, 80 मिलि वास नसलेलं तेल, एक चमचा सालीचा कीस, चिमूट मीठ, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा. कणीक जाड असेल तर रस दोन चमचे जास्त. जवसाचं तेल घालू नका, वास मारतो.

केळीचा याहून सोपा. अंजनगाव-अकोटकडची केळी आपल्याकडे ढिगाने येतात आणि दोन दिवसांत काळी पडतात. काळं पडलेलं केळं फेकू नका. पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणजे जितकं काळं तितकं गोड. साल काळी चालते, आत बुरशी नको. तीन मोठी केळी कुस्करा, अर्धी वाटी आंबट दही, 100 ग्रॅम गूळ किसून (आधी पाण्याच्या हबक्यात विरघळवून गाळा, गुळात काय काय निघतं ते तुम्हाला माहीत आहे), तेवढंच तेल-मीठ, 200 ग्रॅम कणीक, पाऊण छोटा चमचा सोडा. दही आणि गूळ आंबटपणा पुरवतात, पावडर नसली तरी चालतं.

आणि इथे आपल्या हाताची सवय आडवी येते. कणीक दिसली की हात मळायला धावतो. जितकं घोटाल तितका चिकटपणा सुटतो आणि पाव चिवट होतो. कोरडं वेगळं, ओलं वेगळं, शेवटी दोन्ही एकत्र करून पंधरा-वीस वेळा चमचा फिरवायचा. पिठाच्या बारीक गाठी राहिल्या तर राहू द्या. ज्वारीचं पीठ घालायचं असेल तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. त्यात बांधणारा चिकटपणाच नाही, काप सुटून हातात भुगा येतो.

फ्रूट केकचं थोडक्यात सांगते, वेळ होत आली. आपल्या देशातला पहिला नाताळचा केक 1883 मध्ये केरळात तलश्शेरीला मांबळी बापू नावाच्या बेकरीवाल्याने केला असं सांगतात. प्लम केक म्हणतात त्यात प्लम नसतो. जुन्या इंग्रजीत मनुकांनाच प्लम म्हणायचे. सुका मेवा दारूत मुरवतात, आपण संत्र्याच्या रसात रात्रभर मुरवू. बाजारची रंगीत टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई, ती बांधावरच्या पपईची घरी करा, तीन दिवस पाकात मुरवायची. मेव्यात चारोळी घाला. आणि गडचिरोली-गोंदियाकडून कुणी वाळलेली मोहफुलं आणली तर ती निवडून, आतले केसर काढून, धुऊन भिजवा. मनुकेच्या जागी मोहफूल केकात काय लागतं ते मी सांगत नाही, करून बघा. एक लक्षात ठेवा, मेवा तळाला बसतो तो घोळ पातळ असतो म्हणून. नुसतं पीठ लावून भागत नाही. घोळ घट्ट ठेवा, तुकडे बारीक करा, आणि अर्धा मेवा घोळ ओतल्यावर वरून पेरा.

कुकरमध्ये करणाऱ्यांनी शिटी आणि रबर दोन्ही काढायचे. आत पाणी नसतं, रबर जळतं. आणि चांगला कुकर यात घालवू नका, कोरडं तापून भांडं खराब होतं.

कापूस वेचायला सकाळी निघणाऱ्या बायांसाठी मी हे सुरू केलं. पोहे डब्यात गार झाले की घशाखाली उतरत नाहीत. हे काप थंडीत चार दिवस डब्यात राहतात. उन्हाळ्यात, पारा 44-45 वर गेला की दोन दिवससुद्धा नाही, पावसाळ्यात बुरशी धरते. तेव्हा करायचं तेवढंच करा.

सहा वाजले. निखारे काढा बरं कुणी चिमट्याने. हा तवा. वास आला ना मागेपर्यंत? नवीन खराट्याची धुतलेली काडी आणली आहे, मधोमध खुपसते. कोरडी निघाली. वरचा रंग बघा, निखारे नसते तर हा वरून पांढराफटक राहिला असता. आता हात लावू नका. गरम कापला तर आत गचका होतो, वीस मिनिटं निवू द्यावा लागतो. तोवर कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

(पहिल्या रांगेतून एक आजी: "बाई, एवढ्या वेळात रोडगे झाले असते वं!")

झाले असते आजी. पण मग वांग्याची भाजीही करावी लागली असती.