आग विझल्यानंतरचा पहारा

(दृश्य: महामार्गावर थांबलेला कंटेनर, दारांच्या फटींतून धूर)

निवेदन:

९ एप्रिल २०२२, नाशिक. कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या कंटेनरमध्ये विजेवर चालणाऱ्या चाळीस स्कूटर होत्या. वाटेत आतून धूर येऊ लागला. अग्निशमन दल पोहोचलं, आग आटोक्यात आली, कुणाला इजा झाली नाही. वीस स्कूटर मात्र जळून गेल्या.

त्या वर्षी सगळीकडे असं निभावलं नाही. मार्चमध्ये वेल्लूरला चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली आणि बाप-लेक गुदमरून गेले. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला ई-स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली. धूर जिन्यावाटे वरच्या लॉजमध्ये शिरला, आठ जण दगावले. त्याच महिन्यात वसईत घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटली. सात वर्षांचा मुलगा भाजला, तो वाचला नाही.

म्हणून अग्निशमन दलाच्या जवानाचं प्रशिक्षण धुरापासूनच सुरू व्हायला हवं. बॅटरीतून निघणारा पांढरा लोट वाफेसारखा दिसतो, पण त्यात हायड्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असतो. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा श्वसनयंत्र चढवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

(दृश्य: कापून उघडलेला बॅटरी पॅक)

लिथियम-आयन बॅटरी अनेक छोट्या सेलची बनलेली असते. त्यातला एक सेल बिघडून तापू लागतो. सेलच्या दोन टोकांमधला पातळ पडदा साधारण १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं, उष्णता शेजारच्या सेलला जाते आणि साखळी सुरू होते. यात आतल्या रसायनांतूनच ऑक्सिजन सुटतो. त्यामुळे फोम किंवा पावडर मारून वरची ज्वाळा बसली, तरी आतली प्रक्रिया चालूच राहते. ती थांबवायला थंडावा लागतो, म्हणजे पाणी. विजेवर पाणी मारायचं नाही, हा प्रत्येक जवानाच्या अंगात भिनलेला धडा इथे बाजूला ठेवावा लागतो, आणि ते केवळ व्याख्यान ऐकून होत नाही. खऱ्या पॅकवर, खऱ्या नोझलनं सराव करावा लागतो.

आणि पाणी किती? टेस्ला कंपनीच्या ‘मॉडेल एस’ या विजेच्या गाडीसाठीच्या मार्गदर्शिकेत सुमारे ११ हजार लिटर सांगितलं आहे. चार-पाच हजार लिटरचा एक बंब घेऊन गेलेल्या तुकडीनं दुसरा टँकर निघतानाच मागवायला हवा.

हातोडा, कटर मात्र जपून. नारिंगी केबलमधून ४०० व्होल्ट, काही गाड्यांत ८०० व्होल्ट वाहतात. ती कापायची नाही, पॅकला भोक पाडायचं नाही. वीज तोडायची जागा प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी. युरोपात त्यासाठी मॉडेलनिहाय नकाशे आहेत आणि ‘युरो रेस्क्यू’ ॲपवर ते इंटरनेटशिवायही उघडतात. आपल्या प्रत्येक बंबात अशी सोय असायलाच हवी.

(दृश्य: गाड्यांच्या नंबरप्लेट)

गाडी कशावर चालते, हे आधी ओळखायचं कसं? विजेची असेल तर पाटी हिरवी. पण सीएनजीचं काय? काचेवरचा फिकट निळा स्टिकर पेट्रोललाही तोच आणि सीएनजीलाही तोच. डिकीत २०० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाचा सिलिंडर असू शकतो, आणि त्याचा पत्ता लागेपर्यंत जवान गाडीला खेटून उभा असतो. सुटणारा वायू पेटला असेल, तर व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत ती ज्योत विझवू नये. न जळलेला वायू साचून स्फोट होऊ शकतो. सिलिंडर दुरून थंड करत राहायचा. सीएनजी वर निघून जातो, एलपीजी खाली बसतो, गटारात उतरतो. हायड्रोजनवर चालणारी गाडी असेल, तर त्या वायूची ज्वाळा उन्हात जवळजवळ दिसतच नाही. तिथे उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेराच हवा.

(दृश्य: जप्त गाड्यांचं आवार)

मार्च २०१८. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये अपघातानंतर पेटलेल्या विजेच्या गाडीची आग विझवून ती आवारात नेऊन ठेवली. पाच दिवसांनी तिची बॅटरी पुन्हा पेटली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं नोव्हेंबर २०२० च्या अहवालात हा धोका स्पष्ट मांडला: खराब झालेल्या बॅटरीत ऊर्जा अडकून राहते, आणि गाडी हाताळणाऱ्या प्रत्येकाला ती घातक ठरू शकते.

म्हणजे टोइंगवाला, वाहतूक पोलीस, गॅरेजवाला हेही या प्रशिक्षणात हवेत. जळालेली गाडी इतर गाड्यांपासून आणि इमारतींपासून किमान १५ मीटर लांब, उघड्यावर ठेवायची असते. दाटीवाटीच्या शहरांत एवढी जागा ऐनवेळी सापडत नाही. महापालिकांनी आणि नगरपरिषदांनी ती आताच ठरवावी, तिथे पाण्याची सोय करावी, आणि गाडी ताब्यात देताना बॅटरीचं तापमान किती होतं, पुन्हा कधी मोजायचं, हे कागदावर लिहून द्यावं.