कोन अरुंद, दाब मात्र सामान्य: खेड्यांतील काचबिंदूची पहिली पायरी

नमस्कार. काचबिंदूचा विषय निघाला की डोळ्याचा दाब किती, एवढेच विचारले जाते. आज आपण दाब वाढण्याच्याही आधीच्या टप्प्याविषयी बोलू.

तमिळनाडूतील तिरुवल्लूर आणि कांचीपुरम जिल्ह्यांतील खेड्यांत ‘चेन्नई ग्लॉकोमा स्टडी’ने चाळिशीपुढच्या माणसांचे डोळे तपासले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३,९२४ जणांपैकी २४६ जणांच्या, म्हणजे सुमारे ६.३ टक्के लोकांच्या डोळ्यांतील कोन अरुंद निघाला. २८ जणांत त्याचे परिणाम दिसू लागले होते, पण दृष्टीची नस शाबूत होती. आणि ३४ जणांना अरुंद कोनामुळे होणारा काचबिंदू प्रत्यक्ष झाला होता. चाळिशीपुढची पाचशे माणसे असलेल्या गावाला हे प्रमाण लावले, तर असा काचबिंदू चौघांना आणि अरुंद कोन तीसेक जणांना.

कोन म्हणजे काय, हे माझ्या हाताकडे पाहून समजेल. ही तर्जनी म्हणजे डोळ्याचे पुढचे पारदर्शक पटल आणि हा अंगठा म्हणजे त्यामागचा रंगीत पडदा. दोन्ही मिळतात त्या बेचक्यात बारीक जाळी असते आणि डोळ्यात सतत तयार होणारे पाणी तिच्यातून निचरते. वयाबरोबर आतले भिंग जाड होते, रंगीत पडदा पुढे रेटला जातो आणि बेचके आवळते. ते पुरते मिटले, तर पाणी तुंबते, दाब वाढतो आणि दृष्टीच्या नसेला इजा होते. दूरचे पाहायला प्लस नंबरचा चष्मा असणाऱ्यांना आणि स्त्रियांना हा धोका अधिक.

या टप्प्यावर सहसा काही दुखत नाही आणि दाबही सामान्य येतो, त्यामुळे शिबिरात केवळ दाब मोजला तर हे तीस जण बिनबोभाट घरी जातात. टॉर्च कानाच्या बाजूने आडवा धरल्यास अशा डोळ्यात नाकाकडच्या रंगीत पडद्यावर सावली पडते. पण ती ढोबळ खूण झाली. निदानासाठी बधिर करणारा थेंब टाकून, आरसे बसवलेले छोटे भिंग डोळ्यावर टेकवून कोन पाहावा लागतो. या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात.

कोन अरुंद निघाला म्हणजे दृष्टी जाणारच, असे मात्र नाही. वेल्लोरच्या पाहणीत अशा ५० जणांपैकी ११ जण पाच वर्षांत पुढच्या टप्प्यावर गेले. चीनमधील ग्वांगझू येथे ८८९ जणांच्या एकाच डोळ्यातील रंगीत पडद्याला, पाण्याला वाट मिळावी म्हणून, लेसरने बारीक छिद्र पाडून, दुसरा तसाच ठेवून, सहा वर्षे लक्ष ठेवले गेले. लेसर केलेल्या १९ आणि न केलेल्या ३६ डोळ्यांत आजार पुढे सरकला. लेसरने धोका निम्म्यावर आला खरा, पण मुळात तोच कमी होता. म्हणून सरसकट सगळ्यांना लेसर करणे मला पटत नाही.

मोतीबिंदूही असेल, तर गणित बदलते. आपल्याकडे ‘अजून पिकू द्या’ असे सर्रास सांगितले जाते; पण पिकणारे भिंग फुगते आणि आधीच अरुंद असलेला कोन आणखी आवळते. शस्त्रक्रियेत ते जाड भिंग काढून पातळ कृत्रिम भिंग बसवले, की रंगीत पडदा मागे सरकतो आणि बेचके मोकळे होते.